दुसऱ्या वर्षाची घसरण

माझ्या मेहुण्याचे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचे, लहानपणी एकदा दोन्ही गुडघे फुटले. आईनं मलमाची डबी दिली. पठ्ठ्यानं मलम एकाच गुडघ्याला लावलं आणि दुसरा कोरडा ठेवला. का? तर मलमानं बरं होतं की आपलं आपणच बरं होतं, हे कळायला नको? मलमाचा गुडघा आठवड्यात बरा झाला. कोरडा चिघळला, तो अजून थंडीत ठणकतो. जिना चढता-उतरताना मेहुणा तो हातानं दाबून धरतो आणि मोठ्या समाधानानं म्हणतो, "मलमाचा परिणाम होतो, भावोजी." ही गोष्ट मी वाढवून सांगतो असं बायकोचं म्हणणं आहे. तिच्या मते गुडघे नव्हतेच, कोपरं होती.

असा मुलगा मोठेपणी अर्थमितीकडे वळला, यात नवल ते काय! अर्थमिती म्हणजे काय हे त्यानं मला पुष्कळदा समजावलं आणि दर वेळी मला छान झोप लागली. जागेपणी जेवढं हाती लागलं ते असं. अमुक केलं म्हणून तमुक झालं असं म्हणायचं, तर अमुक केलं नसतं तर काय झालं असतं, हे आधी माहीत हवं. ते तर कुणालाच दिसत नाही. मग काय करायचं? ज्यांच्या वाट्याला ती गोष्ट आली अशी माणसं घ्यायची, अगदी तशीच पण ज्यांच्या वाट्याला ती आली नाही अशी दुसरी माणसं घ्यायची, आणि दोघांत फरक काय पडतो ते वर्षानुवर्षं बघत बसायचं. आमच्या लग्नानंतर मी त्याला सहज विचारलं, "काय रे, ताई सुखात आहे ना तुझी?" तर हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "कशाच्या तुलनेत?" अगदी ताईसारखीच, पण माझ्याशी लग्न न झालेली अशी एक बाई त्याला हवी होती.

"मलाही तीच व्हायचं होतं!" बायको आतून ओरडली.

ऐन तिशीत त्याला घबाड सापडलं. एका गावात काचेचा कारखाना होता, तो बंद पडला. पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा करणारे हात एकाएकी रिकामे झाले. सरकारनं त्यांच्यासाठी वर्षभराचा प्रशिक्षण वर्ग काढला, पण जागा होत्या निम्म्याच. वशिल्याची ओरड नको म्हणून सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका पिंपात टाकल्या आणि सोडत काढली. ही बातमी वाचून मेहुण्याला इतका आनंद झाला की शेजाऱ्यांना वाटलं, याचं लग्न ठरलं. कारण आता एका बाजूला वर्गात गेलेले आणि दुसऱ्या बाजूला राहिलेले, यांच्यात नशिबाखेरीज काडीचा फरक नव्हता. पुढे जो काही फरक पडेल तो त्या वर्गाचा. एवढी स्वच्छ तुलना माणसाला जन्मात एकदाच मिळते.

त्यानं सगळ्यांची नावं उतरवून घेतली आणि दर वर्षी एक फेरी करायची असं ठरवलं. नियम त्यानंच केला, आणि तो लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. ज्याला नोकरी-धंदा लागला आहे, त्याला मेहुण्याच्या संशोधन संस्थेतून फोन जाणार. चार प्रश्न, धन्यवाद, संपलं. ज्याला काम नाही, त्याच्या घरी मेहुणा स्वतः जाणार आणि लांबलचक प्रश्नपत्रिका भरून घेणार. काम कुठं शोधलंत, कुणाला विचारलंत, ते काय म्हणाले, मग तुम्हाला काय वाटलं? हे प्रश्न फोनवर विचारण्यासारखे नव्हते.

"हाताखाली एवढी माणसं आहेत, तूच कशाला वणवण करतोस?" मी म्हणायचो.

"इतरांना घाई असते, भावोजी. उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न टाकतात."

त्याला घाई नव्हती हे खरं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. एका खुर्चीवर तो बसायचा, दुसरीवर कागदांचा गठ्ठा. मी गेलो की तो गठ्ठा पलंगावर जायचा, मी उठलो की पुन्हा खुर्चीवर. त्याच्या दाराची घंटा बिघडली होती आणि बिघडली आहे हे त्याला कितीतरी महिने कळलंच नव्हतं.

फेऱ्या होत गेल्या आणि मेहुण्याचं नाव झालं. त्याला त्या आकड्यांत एक चमत्कार दिसला. वर्गात न गेलेल्यांनाही काम लागत होतं, जवळजवळ वर्गात गेलेल्यांइतकंच. पण पुढच्याच वर्षी त्यांचं काम सुटायचं! आणि एकदा सुटलं की सुटलंच. वर्गात गेलेल्यांचं मात्र टिकायचं. त्यानं सिद्धांत मांडला: प्रशिक्षण नसलेल्या माणसाला काम पकडता येतं, धरून ठेवता येत नाही. याला त्यानं नाव दिलं 'दुसऱ्या वर्षाची घसरण'. ते नाव पाठ्यपुस्तकांत गेलं, मंत्र्यांच्या भाषणांत गेलं. परीक्षेत 'दुसऱ्या वर्षाची घसरण, टीप लिहा' असा प्रश्न यायला लागला आणि पोरं मेहुण्याला शिव्या देत रात्री जागवायला लागली. याहून मोठी कीर्ती काय असते?

गावात त्याला कुणी तज्ज्ञ वगैरे म्हणत नव्हतं. तिथं तो 'प्रश्नवाले'. प्रश्नवाले यायच्या दिवशी माणसं दाढी करून बसत. एक भट्टीवाला होता. प्रत्येक प्रश्नाला तो आधी कारखान्यातली एक आठवण सांगायचा, मग "नाही" म्हणायचा. एक घड्याळं दुरुस्त करणारा होता. दुरुस्त करणारा म्हणजे, पूर्वी करायचा. आता काम नाही असं तो सांगायचा, आणि सांगताना भिंतीवरची सगळी घड्याळं बिनचूक टोले द्यायची.

आणि एक शिलाईवाली होती. कारखान्यात ती पेले गवतात गुंडाळायच्या खात्यात होती. सोडतीत तिची चिठ्ठी निघाली नाही. पुढं शिवणकाम लागलं, तेही लवकरच सुटलं असं ती सांगायची. आई होती, ती गेली. पुढं एकटीच. मेहुणा तिच्याकडे नेहमी सगळ्यांत शेवटी जायचा, म्हणजे नंतर कुठं जायची घाई नको.

"गेल्या आठवड्यात तुम्ही कमाईसाठी किमान एक तास तरी काम केलंत का?"

"थांबा हं," ती म्हणायची. "आठवू द्या."

आणि आठवायची. चहा व्हायचा, कप विसळून व्हायचे, खिडकीतलं ऊन भिंतीवर जायचं, आणि मग ती म्हणायची, "नाही बाई. नाही केलं."

तिथून आला की मेहुणा दोन दिवस काहीतरी गुणगुणायचा. सूर त्याला कधी लागला नाही, पण गुणगुणायचा. माझ्या बायकोच्या नजरेतून काय सुटतंय? तिनं मला ढोसलं, मी त्याला.

"अरे, बोल की तिच्याशी."

"बोलतो की. शंभरावर प्रश्न आहेत."

"प्रश्नपत्रिकेबाहेरचं!"

"तसं चालत नाही, भावोजी. मी वेगळं काही बोललो तर तिच्यावर माझा परिणाम होईल. मग सोडतीचा किती आणि माझा किती, वेगळं कसं काढायचं?"

"गाढवा, परिणाम व्हावा म्हणूनच तर बोलतात माणसं!"

"अभ्यास संपला की बघू," तो म्हणाला. आणि अभ्यास वाढवून मिळावा म्हणून अर्ज कोण करायचं? हाच. दर वेळी.

आता पुढचा भाग मी जसाच्या तसा देतो, कारण तो मेहुण्यानं मला सांगितला आणि त्याला भर घालता येत नाही. ती उणीव आमच्या घरात मी भरून काढतो.

निवृत्ती जवळ आली होती. शिलाईवालीकडची फेरी आटपून तो बसथांब्यावर आला, कागद चाळू लागला, तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मधलं पान कोरं राहिलं होतं. त्यावर नेमका तोच प्रश्न, किमान एक तास कामाचा. कोरं पान म्हणजे मेहुण्याच्या लेखी भर रस्त्यात उघडं फिरण्यासारखं. तो उलट पावली निघाला.

न सांगता तो त्या घरी पहिल्यांदाच जात होता. जवळ आला तर घरातून घरघर ऐकू आली. ज्या पडद्यामागं अडगळीची खोली आहे असं तो इतकी वर्षं समजत होता, त्या पडद्यामागं शिवणयंत्रं चालली होती. एक नाही, अर्धा डझन तरी असावीत. दारात हातात कात्री घेतलेली एक बाई आली.

"बाई कामात आहेत," ती म्हणाली. "तासाभरानं या."

मेहुण्यानं सवयीनं पेन काढलं, कोऱ्या पानावर 'होय'समोर खूण केली, आणि मग आपण काय लिहिलं ते त्याच्या ध्यानात आलं.

शिलाईवाली बाहेर आली. गळ्यात माप घ्यायची फीत, केसांत दोरे. त्याला बघून तिनं ती फीत मुठीत लपवली. जणू तेवढीच लपवायची राहिली होती.

"किती वर्षं झाली?" त्यानं विचारलं. हा प्रश्न कुठल्याच पानावर नव्हता.

"मोजली नाहीत. मोजायचं काम तुमचं."

"मग तुम्ही दर वर्षी 'नाही' का म्हणालात?"

"पहिल्यांदा काम लागलं तेव्हा खरं सांगितलं होतं. मग पुढच्या वर्षी तुम्ही आलाच नाहीत. फोन आला. कुठलीशी मुलगी होती. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढ्या वेळात चार प्रश्न विचारून तिनं फोन ठेवलासुद्धा. मी तर खुर्ची ओढून बसले होते हो." तिनं मुठीतली फीत पुन्हा गळ्यात टाकली. "मग मी नोकरी सोडली. म्हणजे, तुमच्या कागदावर सोडली."

"तुम्ही खोटं सांगितलंत."

"हो. आणि तुम्ही आलात."

मेहुण्यानं पेनाला टोपण लावलं. तिनं विचारलं, "हा फोनचा नियम कुणी केला?"

"मी," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं संगणक उघडला आणि आयुष्यभर बघितलेले आकडे पहिल्यांदा बघितले. सोडतीत राहिलेला माणूस. काम लागलं. एक वर्ष फोन. दुसऱ्या वर्षी काम 'सुटलं'. पुढचा माणूस. काम, फोन, सुटलं. भट्टीवाला तसाच. घड्याळवाला तसाच. घसरण कामाची नव्हतीच. फोन आला की माणसं घसरत होती, थेट त्याच्या समोरच्या खुर्चीत.

आणि वर्गात गेलेल्यांचं काम का टिकलं? वर्षभर ती माणसं एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसली होती. भांडली, डबे खाल्ले, सोयरिकी जमवल्या. त्यांच्या घरी तशीही कुणी ना कुणी टपकायचंच. त्यांना प्रश्नवाल्याची गरज नव्हती, म्हणून ती खरं बोलत होती. राहिलेले मात्र आपापल्या घरी एकेकटे गेले होते.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. निवृत्ती तोंडावर, नाव पाठ्यपुस्तकात, कुणाला कळणार होतं? पण हा कोरड्या गुडघ्याचा माणूस! त्यानं ठरवलं, शेवटच्या फेरीत पारख करायची. बेकार म्हणवणाऱ्यांच्या पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना आधी कळवायचं: 'तुमचं उत्तर काहीही असो, मी घरी येणारच.' उरलेल्यांना काही कळवायचं नाही.

फक्त शिलाईवालीची चिठ्ठी त्याला टाकता येईना. तिला सगळं माहीत झालं होतं. माहीत असलेलं माणूस कुठल्याच गटात बसत नाही. तसं सांगायला तो मुद्दाम तिच्याकडे गेला. हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं.

"तुम्हाला वगळावं लागेल," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही येणार नाही?"

"नियमात बसत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "आणि नियमाबाहेर?"

मेहुण्यानं काय केलं असेल? त्यानं खाली मान घालून प्रश्नपत्रिका चाळली. मी विचारलं, काय शोधत होतास रे? तर म्हणाला, "उत्तर." शंभरावर प्रश्नांच्या त्या गठ्ठ्यात उत्तरासाठी फक्त चौकोन होते, आणि तेही तिच्यासाठी. थोडा वेळ वाट बघून ती आत गेली, यंत्रं सुरू झाली, आणि हा बसथांब्यावर आला.

पारख चोख झाली. ज्यांना 'येणारच' असं कळवलं होतं, त्यांना एका फेरीत भराभर नोकऱ्या लागल्या. ज्यांना कळवलं नव्हतं, ते मात्र बेकारच राहिले. अशी रोजगारवाढ कुठल्या सरकारला जमली नसेल. भट्टीवाल्याचं दुकान निघालं आणि घड्याळवाल्याच्या हाताखाली दोन माणसं निघाली. खरं सांगायला मिळाल्यानं माणसं इतकी खूष, की आमच्या प्रश्नवाल्यांना प्रत्येक घरी दोन दोनदा चहा.

मेहुण्यानं ते सगळं लिहून काढलं. संस्थेचे संचालक म्हणाले, "हे छापलंत तर तुमच्या नावावर राहणार काय?"

"चूक राहील," तो म्हणाला. "तीही माझीच आहे."

छापलं. सिद्धांत पाठ्यपुस्तकातून निघाला, पोरं सुटली. मोजणाऱ्यामुळंच माप बिघडलंय म्हटल्यावर संस्थेनं अभ्यास बंद केला. निरोप समारंभात फुलं मिळाली. ती त्यानं कागदांच्या खुर्चीवर ठेवली, कारण कागद संस्थेला परत गेले होते आणि खुर्ची रिकामी बघवत नव्हती.

मग ते वर्ष गेलं आणि फेरीचे दिवस आले. मेहुणा आमच्याकडे राहायला आला होता. सकाळी दाढी केली, बुटांना पॉलिश केलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेर जिन्याच्या तोंडाशी असलेल्या बाकड्यावर बसला. दुपारी जेवला, पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बायकोला राहवलं नाही.

"जा की रे तिच्याकडे एकदा."

"काय म्हणून जाऊ, ताई? अभ्यास संपला."

"संपला की बघू म्हणाला होतास. आता बघ!"

"पण विचारायचं काय?"

"काही विचारू नकोस! जाऊन बस. माणसं बसतात."

नुसतं जाऊन बसणारी माणसं त्यानं पाहिली नव्हती असं नाही, पण त्याच्या अभ्यासात ती नेहमी दुसऱ्या गटात होती.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी तो आमच्या फोनपाशी गेला. नंबर त्याला पाठ होता. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि बायको भाजीची सुरी हातात घेऊन दाराआड उभी राहिली. आमच्या घरात कुणी कुणाचं चोरून ऐकत नाही, सगळे उघडच ऐकतात.

पलीकडे तिनं फोन उचलला. मेहुण्यानं घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मी मनात म्हटलं, बोल रे बाबा, पाऊस-पाण्याचं बोल, गुडघ्याचं बोल. पण याला बोलणं सुरू करायची एकच रीत येत होती.

"गेल्या आठवड्यात," तो म्हणाला, "तुम्ही कमाईसाठी किमान एक तास तरी..."

आणि थांबला. बायकोनं कपाळावर हात मारला. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं, शिवणयंत्रसुद्धा नाही. मग ती बोलली. आमच्या जुन्या फोनला सगळ्या खोलीला ऐकवायची सवय होती, म्हणून मलाही स्पष्ट ऐकू आलं.

"फोनवर मी उत्तर देत नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मेहुणा रिसीव्हर धरून तसाच उभा. हा नकार समजायचा की दुसरं काही, हे त्याला कळेना. तुलनेला काही नव्हतं. शेवटी त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, बूट चढवले, दारापर्यंत गेला आणि परत माझ्याकडे वळला.

"भावोजी," तो म्हणाला, "नुसतं जायचं म्हणजे हातात काय धरायचं?"

एरवी माझ्याकडे कशालाही दोन उत्तरं तयार असतात, एक खरं आणि एक बरं. त्या वेळी दोन्ही एकच निघाली.

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानं आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. कागद नाही, पेन नाही, लिहायची पाटी नाही. ते हात कुठं ठेवावेत हे त्याला समजेना. एक खिशात घातला, बाहेर काढला. मग एक हात दुसऱ्यात धरला आणि तसाच जिना उतरला, दुखरा गुडघा न दाबता.